अभयारण्याबाहेरचं मालकी रान भराभर साफ होतंय: राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगडकरांनी इथं बोला

भोगावतीकाठ
कोल्हापुरात जंगल म्हटलं की आपण लगेच दाजीपूर म्हणतो, गवा म्हणतो, १९५८ सालचं राज्यातलं पहिलं अभयारण्य म्हणून अभिमानानं सांगतो, आणि ते बरोबरच आहे. राधानगरी अभयारण्य आज ३५१ चौरस किलोमीटर आहे, २०१२ ला पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारशाच्या यादीत गेल्या त्यात कास, कोयना, चांदोलीच्या बरोबरीनं ते पण आहे. पण मला बोलायचंय ते त्याच्या हद्दीबाहेरच्या रानाबद्दल, म्हणजे जे सातबाऱ्यावर कुणाच्या तरी आज्याच्या नावावर आहे, पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारी जमीन म्हणून लागलंय, वीस-पंचवीस वारस आहेत, निम्मे मुंबईला, आणि त्यात अंजनी, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ असं गच्च रान उभं आहे. अभयारण्यात कुणी कुऱ्हाड घातली तर निदान गार्ड तरी येतो, ह्या रानाला कुणी वाली नाही.

दसरा झाला, भात निघालं की जेसीबी वर चढतो. आधी फक्त रस्ता म्हणून चढतो. मग रस्त्याच्या कडेची झाडं, मग "साफसफाई", मग फेब्रुवारीत वणवा लागतो आणि वणवा कुणी लावला ते कुणालाच माहीत नसतं, मग मे मध्ये बांध घालून सपाटीकरण. पहिल्या पावसात सगळी माती ओढ्याला. खाली नदीवरून पाइपलाइन वर नेली तर ऊस, नाहीतर काजू, आणि रस्त्याला लागून असंल तर प्लॉट. एका हंगामात एक गट, म्हणजे सातबाऱ्यावरचा एक नंबर, जातो, गावात कुणाला काही वाटत नाही कारण एकच गट गेलेला असतो. पण गूगल अर्थवर जुन्या वर्षांचे फोटो लावून बघा, डोंगराची पाठ कशी तुकड्या-तुकड्यानं उघडी पडत आलीय ते दिसतं.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती ह्या सगळ्या ह्याच पट्ट्यातून येतात आणि त्यांची पंचगंगा होते. मी असं म्हणणार नाही की जंगल असतं तर २०१९ चा पूर आला नसता, तेवढा पाऊस तेवढ्या थोड्या दिवसात पडल्यावर कुठलंच रान तो धरू शकत नाही, आणि नदीकाठची बांधकामं, भराव ही कारणं वेगळीच आहेत. पण गाळाचं काय? आणि त्याहून मोठं म्हणजे उन्हाळ्याचं काय? गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच तालुक्याच्या वरच्या वाड्यांवर मार्च-एप्रिलला बायका घागर घेऊन फिरतात. रानातला पालापाचोळा आणि मुळं पाणी धरतात आणि झऱ्याला हळूहळू सोडतात, ते रान गेलं की झरा जातो, हे वरच्या वाडीतल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा.

प्रत्येकानं आपापल्या भागात काय चाललंय ते लिहा. आणि उपाय पण लिहा, नुसती हळहळ नको.

पेठेतला
भाऊ एक शंका, झाड तोडायला परवानगी लागते ना? आमच्या इथं शहरात दारातला नारळ पाडायचा म्हटला तरी महापालिकेत अर्ज करायला लागतो, मग एवढं डोंगरच्या डोंगर कसं काय साफ होतंय?

सातबारा_वाचक
परवानगी लागते पण त्यात भोकं लई आहेत. ग्रामीण भागातल्या खाजगी जमिनीला १९६४ चा महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत कायदा लागू होतो. त्यात परवानगी लागणाऱ्या ठरावीक झाडांची यादी आहे, हिरडा, साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ वगैरे. अंजनी त्या यादीत नाही, आणि आपल्या माथ्यावरच्या सदाहरित रानात बरीच झाडी अंजनीची असते. करवी, गेळा, वेली, झुडपं हे तर कुणाच्या हिशोबातच नाही. मूळ कायद्यात दंड हजार रुपयांपर्यंत, जेसीबीच्या तासाभराच्या भाड्याएवढा. म्हणून लोक आधी तोडतात आणि मग काय होतंय ते बघतात.

दुसरं, १९७५ चा खाजगी वने संपादन कायदा. ज्या रानाला त्या आधी वनखात्याची नोटीस लागली होती ती ३० ऑगस्ट १९७५ ला सरकारकडं गेली. काही सातबाऱ्यांवर इतर हक्कात अजून त्याची नोंद दिसते, काहींवर कधी ओढलीच नाही. त्यामुळं तुमच्या शेजारचा गट खरंच मालकी आहे का हे आधी फेरफार काढून बघा.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. १९८० चा वन संवर्धन कायदा. १२ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टानं गोदावर्मन केसमध्ये सांगितलं की मालकी कुणाची का असेना, प्रत्यक्षात जंगल आहे तर त्याला हा कायदा लागू, केंद्राच्या परवानगीशिवाय तिथं दुसरं काही करता येणार नाही. २०२३ ला कायदा बदलून व्याप्ती अधिसूचित आणि नोंद असलेल्या वनापुरती आणली, त्यावर लोक कोर्टात गेले आणि फेब्रुवारी २०२४ ला कोर्टानं अंतरिम आदेश दिला की तूर्त १९९६ चीच व्याख्या धरायची. पण आपल्या गावाच्या माथ्यावर जंगल आहे हे कागदावर कुणी दाखवायचं? तलाठी पोटखराबा लिहितो, वनखातं म्हणतं आमच्या ताब्यात नाही. ह्या दोघांच्या मधे रान जातंय.

चंदगडचा काजूवाला
सगळं वाचलं. आता माझं पण ऐकून घ्या, राग मानू नका.

माझी अडीच एकर काजूबाग आहे, वडिलांनी लावली, वेंगुर्ला ४ आणि ७ ची कलमं. त्याआधी तिथं रानच होतं, मी खोटं बोलणार नाही. त्या रानातून आम्हाला वर्षाला काय मिळत होतं? चार मोळ्या जळण आणि करवंदं. काजूवर माझी बहीण शिकली, घर झालं. आता तुम्ही मला सांगा, मी रान राखून ठेवलं तर माझ्या पोरांची फी पंचगंगेचं पाणी पिणारा भरणार आहे काय? जंगलाचा फायदा खालच्या सगळ्यांना आणि त्याचा भार एकट्या वरच्या शेतकऱ्यावर, हे कुठलं गणित?

परत हत्ती. २००२ पासून हत्ती कर्नाटकातनं तिलारीकडं आणि आमच्याकडं यायला लागले, तेव्हापासून केळी-नारळ लावायची सोय राहिली नाही. गवे तर रोजचे. भरपाईचा अर्ज, पंचनामा, फोटो, बँक पासबुक, ह्यात हंगाम संपतो. आणि वरनं पश्चिम घाटातली गावं इको सेन्सिटिव्ह म्हणजे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात घालायची टांगती तलवार, २०१४ पासनं नुसते मसुद्यावर मसुदे निघतायत, सहावा निघाला जुलै २०२४ ला, अंतिम काय होत नाही आणि भीती काय जात नाही. त्या भीतीपोटी आमच्या शेजारच्या गावात लोकांनी घाईघाईनं रान तोडून ठेवलं, पुढं बंदी आली तर काय करा म्हणून.

भोगावतीकाठ
दादा राग कशाला, तुमच्यासारख्या माणसानं बोलावं म्हणूनच धागा काढलाय. तुमची बाग वडिलांच्या हातची आहे, ती कुणी मोडा म्हणत नाही. भार एकट्यावर पडतो हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि जोपर्यंत त्याचं उत्तर मिळत नाही तोपर्यंत कुठलाही कायदा माथ्यावरचं रान वाचवू शकणार नाही असं माझं ठाम मत आहे.

फक्त इको सेन्सिटिव्हबद्दल एक. त्या मसुद्यात शेतीला बंदी नाही. बंदी आहे ती खाणी, दगडखाणी, वाळू उपसा, औष्णिक वीज प्रकल्प, लाल वर्गातले म्हणजे जास्त प्रदूषण करणारे कारखाने आणि २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठी बांधकामं ह्यांच्यावर. गावोगावी "तुम्हाला घरावर कौल घालता येणार नाही" असं सांगत कोण फिरलं ते ज्यानं त्यानं आठवून बघावं. बॉक्साइटसाठी आपल्या राधानगरी, शाहूवाडी, चंदगडचे सडे कसे खरवडले ते आपण डोळ्यानं बघितलंय. सड्यावर वरनं बघितलं तर नुसता जांभा दगड, पण पावसाचं पाणी आत जातं ते तिथंच.

शाहूवाडीची लेक
आमच्या आंबा भागात शेतीपेक्षा प्लॉटिंगचा त्रास जास्त आहे. थंड हवा, घाट जवळ, कोल्हापूर-रत्नागिरी हायवे, मग पुणे-मुंबईचे लोक येतात. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते हा कायदा आहे, पण शेतकरी असल्याचा दाखला कुठनं तरी निघतोच. जमीन घेतली की पहिलं काम तारेचं कुंपण, दुसरं काम गेटवर कुत्रं. रान आत गेलं, रानातनं झऱ्याकडं जाणारी वाट पण आत गेली. आमच्या माहेरी बायका ज्या झऱ्यावर पिढ्यानपिढ्या पाणी भरत होत्या तिथं आता कुणाचं तरी व्हिला आहे आणि त्याला बोअर मारलीय. कागदावर त्या वाटेची नोंदच नव्हती. कुणी कधी करून घ्यावी असं वाटलंच नाही, कारण मालक गावातलाच होता आणि त्यानं कधी अडवलं नाही.

विकणाऱ्याला दोष देताना पण विचार करा. माझ्या चुलत्यानं दोन एकर विकली ती आजारपणासाठी. पैसे दीड वर्षात संपले. आता तो त्याच जमिनीवर माळी म्हणून कामाला आहे.

अजून एक, रानातनं फक्त मोळी आणि करवंदं मिळतात हे दादा तुम्ही पुरुषांचं सांगितलं. बायकांना विचारलं असतं तर हिरडा, शिकेकाई, तमालपत्र, पावसाळ्यातली कुड्याची फुलं, भारंगी, टाकळा, अळंबी, बाळंतिणीची औषधं, सगळं सांगितलं असतं. ह्यातलं बरंच बाजारात जात नाही म्हणून कुणी मोजत नाही.

आजरा घनसाळ
देवरायांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आजरा, चंदगड, भुदरगडात जवळजवळ प्रत्येक जुन्या गावाला देवाचं रान आहे. तिथं फांदी तोडायची नाही, वाळलेलं लाकूड पण घरी न्यायचं नाही, असा रिवाज. आता काय झालंय, देवाचा धाक राहिलाय पण तो देवळात गेलाय, रानात राहिला नाही. जीर्णोद्धार निघतो. जुनं चौपाखी कौलारू देऊळ उतरवून स्लॅबचं करायचं, समोर सभामंडप, पेव्हर ब्लॉक, गाड्या लावायला जागा. पैसा कुठनं आणायचा तर देवाचीच झाडं देवाला, असं म्हणून दोन-तीनशे वर्षांचे वृक्ष पाडतात. मुंबईकर मंडळ वर्गणी देतं, त्यांना मोठं देऊळ पाहिजे. गावातल्या पोरांना मी सांगितलं की अरे हे रानच देव आहे, देऊळ नंतर आलं, तर ती म्हणाली काका तुम्ही नास्तिक झालाय.

ह्यातल्या बऱ्याच जमिनी देवस्थानाच्या नावावर आहेत, पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीकडं कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्गातली तीन हजारांच्या वर देवळं आहेत, म्हणजे मालक सापडत नाही असं इथं होत नाही. समितीनं नुसता एक ठराव केला की देवराईतलं उभं झाड जीर्णोद्धारासाठी तोडायला परवानगी मिळणार नाही, तरी केवढं काम होईल.

आमची हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते आणि आजरा-गडहिंग्लजला पाणी देते. त्या उगमाच्या कुंडात २०२० ला माशाची नवीन जात सापडली, तिला नदीचंच नाव दिलं, आणि २०२१ ला ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. आकार किती तर जेमतेम दोन हेक्टर. तसंच दोडामार्गात हेवाळे-बांबर्डेला रानजायफळाची देवराई, ती पण त्याच वर्षी, ती अडीच हेक्टरच्या आसपास. म्हणजे एवढ्याशा तुकड्याला पण संरक्षण मिळू शकतं. मग आपल्या जिल्ह्यातल्या देवरायांना का नाही?

कागलकर
आमच्याकडं जंगल राहिलंच नाही, सगळा ऊस. त्यामुळं बोलायचा अधिकार किती ते माहीत नाही पण बोलतो. शक्तिपीठ महामार्गाला आम्ही विरोध केला तो आमची बागायत जाते म्हणून केला. पण पवनार ते पत्रादेवी, मूळ आराखड्यात ८०२ किलोमीटरचा हा रस्ता शेवटी सह्याद्री उतरूनच जाणार, तिथं कुठलं रान कापणार ह्यावर आमच्या सभांमधे फार कमी बोलणं झालं. शेती वाचवा म्हणताना जंगल वाचवा पण त्याच दमात म्हटलं पाहिजे. वरचं रान गेल्यावर खालच्या उसाला पाणी कुठलं येणार आहे?

पुण्याहून_करवीरकर
आम्ही काही मित्र आहोत, सगळे मूळचे कोल्हापूरचे, आयटीत. वर्गणी काढून अशी रानं विकतच घेतली आणि तशीच ठेवली तर? नुसता पैसा द्यायची खरंच तयारी आहे.

सातबारा_वाचक
भावना चांगली आहे पण घाई करू नका. एक तर तुमच्यातले शेतकरी किती? दुसरं, बाहेरचा माणूस जमीन घ्यायला लागला की भाव वाढतो आणि शेजारचे तिघं विकायला काढतात, वरती ताईंनी जे सांगितलं तेच वेगळ्या रस्त्यानं होतं. त्यापेक्षा मालकी मालकाकडंच ठेवून करार करता येतो. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वरकडं एका संस्थेनं खाजगी रानमालकांशी असे करार केलेत, ठरावीक वर्षं रान तोडायचं नाही, त्या बदल्यात मालकाला किंवा गावाला पैसे. शिवाय तिथली बेहड्याची फळं झाड न दुखवता गोळा करून, त्याचं प्रमाणपत्र घेऊन, परदेशी कंपनीला चांगल्या भावानं विकली जातात. त्याच बेहड्याच्या जुन्या झाडांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटं करतो. फळाला भाव आला म्हणून झाड राहिलं आणि झाड राहिलं म्हणून पक्षी राहिला.

पाटगावकडचा
आमच्या पाटगावचं सांगतो. भुदरगडातलं आमचं गाव "मधाचं गाव" म्हणून खादी ग्रामोद्योग मंडळानं घेतलं, महाबळेश्वरकडच्या मांघर गावानंतर राज्यात आमचाच नंबर. २०२३ ला केंद्राच्या उत्कृष्ट पर्यटन गावांत बक्षीस पण मिळालं. पूर्वी पोळं जाळून मध काढायचे, आता सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात. ह्याचा परिणाम काय झाला तर फुलोऱ्याच्या झाडाकडं बघायची लोकांची नजर बदलली. जांभूळ तोडायला कोण आलं तर पेटीवालाच आडवा येतो, कारण त्याचा मध तिथनं येतो. सगळं आलबेल आहे असं नाही, मधाला गिऱ्हाईक शोधायला लागतं, पावसाळ्यात माश्या सांभाळायला लागतात, आणि वणवा लागला की सगळं मुसळ केरात. पण चंदगडच्या दादांनी विचारलं ना फी कोण भरणार, त्याचं थोडं उत्तर ह्यात आहे, पूर्ण नाही.

चंदगडचा काजूवाला
पाटगावकर, ही गोष्ट पटली. काजूला पण मोहोरात माशी पाहिजेच, रान जवळ असलेल्या बागांना फळधारणा बरी होते हे मी स्वतः बघतो.

माझ्या बागेच्या वरच्या अंगाला भावकीचं सामाईक रान आहे, आठ एकर. त्यात ह्या वर्षी जेसीबी घालायचं चाललंय, माझं पण त्यात नाव आहे. मी अडवू शकतो पण अडवून सांगायचं काय? "जंगल चांगलं असतं" म्हटलं तर भावकी हसंल. मला एखादी अशी गोष्ट सांगा जी कागदावर होते, जमीन आमच्याच नावावर राहते आणि सरकारचा ताबा येत नाही.

सातबारा_वाचक
आहे तशी तरतूद. वन्यजीव कायद्यात समुदाय राखीव म्हणून प्रकार आहे, कलम ३६-सी (36C). मालकानं किंवा गावानं स्वतःहून तयारी दाखवली तर त्यांच्याच जमिनीवर तो होतो, मालकी बदलत नाही, कारभार समितीकडं आणि समितीत गावचीच माणसं. मागं आपल्या जिल्ह्यात विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड अशी संवर्धन राखीव क्षेत्रं जाहीर झाली ती सरकारी जमिनीवर, त्यात मालकी रान येत नाही. एकदा जाहीर झालं की मात्र समिती आणि सरकारला विचारल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही हे पण भावकीला आधीच स्पष्ट सांगा, नंतर भांडण नको.

ते लांबचं काम. त्याच्या आधी ग्रामपंचायतीत जाऊन लोक जैवविविधता नोंदवही मागा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि ही नोंदवही असायलाच पाहिजे. बऱ्याच ठिकाणी ती कुणीतरी ऑफिसात बसून भरलीय, शेजारच्या गावाची झाडं आपल्या गावात घातलीयत. ती नीट लिहून घ्या, गट नंबरसकट, झरे, देवराई, पाणवठ्याच्या वाटा, सगळं. ताईंच्या माहेरची वाट तिथं लिहिलेली असती तर निदान भांडायला कागद असता. मग ग्रामसभेचा ठराव. वारसा स्थळाचा प्रस्ताव पण ह्याच समितीतनं वर जातो.

आणि ज्या वाड्या वनखात्याच्या जमिनीला लागून आहेत त्यांनी वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा करावा. वैयक्तिक दाव्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनची वहिवाट लागते, आणि आपण आदिवासीत मोडत नसू तर तीन पिढ्यांचा पुरावा, त्यामुळं आत्ता रान तोडून दावा लावू असं कुणी सांगत असंल तर तो फसवतोय. सामूहिक दाव्यात मात्र रान राखायचा अधिकारच गावाला मिळतो.

आत्ता कुठं तोड चालू दिसली तर १९२६ ह्या वनखात्याच्या नंबरवर फोन करा, लोकेशन चालू ठेवून फोटो काढा. ट्रॅक्टर एकदा घाट उतरला की काही सिद्ध होत नाही.

शाहूवाडीची लेक
ग्रामसभेला बायका मोठ्या संख्येनं न्या. झरा कुठला, कधी आटला, हे त्यांनाच माहीत असतं, पण नोंदवही लिहिताना त्यांना कुणी बोलवत नाही. महिलांची ग्रामसभा आधी घ्यायची असते, तिथनंच ठराव आणा.

आजरा घनसाळ
आमच्या तालुक्यातल्या देवरायांची यादी मी करायला घेतलीय, देवाचं नाव, गट नंबर, अंदाजे क्षेत्र, कुणाच्या नावावर आणि जीर्णोद्धार ठरलाय का. ज्यांच्या गावात काम निघणार आहे त्यांनी आधी कळवा, पाया खणल्यावर नको.

भोगावतीकाठ
राधानगरी आणि गगनबावड्याची यादी मी घेतो. शाहूवाडी ताई बघतील का? पुणेकर, तुम्ही पैसा सध्या राहू दे, तुमच्यातल्या दोघांनी महाभूनकाशा ह्या सरकारी जमीन-नकाशांच्या साइटवरनं गट उचलून गूगल अर्थच्या २०१० पासूनच्या फोटोंवर ठेवून द्या, म्हणजे कुठला गट कधी उघडा पडला ते गावात दाखवता येईल. ते काम आम्हाला इथं जमत नाही, नेट पण चालत नाही वर.

चंदगडचे दादा, भावकीची बैठक कधी आहे?

चंदगडचा काजूवाला
दिवाळीत, सगळे मुंबईवाले आल्यावर. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी धरून चाला.

पाटगावकडचा
मी येतो. दोन पेट्या गाडीत घालून आणतो, माश्यांसकट, भावकीला उघडून दाखवू.

सातबारा_वाचक
३६-सी ची मराठी प्रत आणि ठरावाचा नमुना मी तयार करून ठेवतो. दादा, त्या आठ एकराचा सातबारा आणि १९७५ च्या पुढचे सगळे फेरफार तेवढे काढून ठेवा. वारसांची नावं लागली नसतील तर ती आधी लावायला लागतील, त्याला वेळ जातो, आत्ताच अर्ज द्या.